हरळीचं कौतुक

घरासमोर लॉन पाहिजे, हा पुण्यातल्या पोराचा हट्ट. नर्सरीवाल्याने मृगात हिरव्या गाद्या आणून काळ्या मातीवर अंथरल्या आणि बजावलं, “एका खेपेला पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. पाणी पहाटेच द्यायचं.” गादीतलं गवत म्हणजे आपली हरळीच. शेजारचे काकाजी कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले.

“गुरुजी, माह्या बापाचा जनम हरळी खनण्यात गेला. तुमी पैसे देऊन आनली?”

पुढे गाजरगवत आणि तरोटा माजला. सोयाबीनचं निंदण आटोपल्यावर कशाबशा दोन बाया मिळाल्या. एकीने विळा हातात घेऊन विचारलं, “यातलं पीक कोनतं?”

“गवत.”

“अन् उपटाचं काय?”

“तेही गवतच.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी चहा सांगून येईस्तोवर एक कोपरा साफ! हरळी मुळ्यांसकट उपटून, पुन्हा रुजू नये म्हणून झटकून उन्हात टाकलेली. तरोटा मात्र जागच्या जागी. “कोवळा हाय, भाजीले होते,” म्हणाल्या. कामात खोट काढायला जागाच नव्हती.

मग पोळा. आदल्या संध्याकाळी गावभर बैलांचे खांदे शेकले आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असं रीतसर निमंत्रण गेलं. दुसऱ्या दिवशी झुली घातलेली एक जोडी तोरणाकडे जाताना आमच्या फाटकातून आत वळली. पोळ्याच्या दिवशी बैलाला हाकलायची कोणाची छाती आहे? हिने उलट आरतीचं ताट आणलं. बैलांना तिसऱ्या हिश्शाचा नियम कोणी सांगितला नव्हता. उरलेल्याला गणपतीत दूर्वांसाठी आळीतली पोरं लागली. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार?

हिवाळ्यात लॉन पिवळं पडलं, ते एक बरं, कापणं वाचलं. पण 25 मेला नवतपा लागला, पारा 45 च्या वर, आणि अंगणाला अशा भेगा पडल्या की किल्ली पडली तर मृगापर्यंत विसरायची. मी पाइप उचलला की ही माठाकडे बोट दाखवायची.

काकाजींच्या वावरात मात्र नांगरलं, वखरलं, मुळ्या वेचून जाळल्या, तरी पहिल्या सरींबरोबर कपाशीच्या तासात हरळी हजर. आमच्याकडे तिचा पत्ता नाही. नवीन गाद्या आणायला निघालो तर काकाजींनी रस्त्यातच अडवलं.

“नर्सरीत कायले जाता? माह्या वावरातली घेऊन जा, फुकट. फक्त मुळापासून खनून न्या. च्या मी पाजतो.”