एक्कावन्न टक्के आणि बाकीची बिल्डिंग

अभिनंदन! सोसायटीच्या कमिटीवर तुम्ही बिनविरोध निवडून आलात, म्हणजे सभेतून वेळेत सटकणं तुम्हाला जमलं नाही. आता पुनर्विकास तुमच्या गळ्यात. कन्सल्टंटचा पहिला मेल आलाच असेल: 'स्टेकहोल्डरांची यादी करून पाठवा.'

दचकू नका. मराठीत ह्या शब्दाला कुणी हितसंबंधी म्हणतं, कुणी हितधारक, आणि कागदोपत्री बऱ्याचदा चक्क भागधारक. तुम्ही भागधारकच धरा. मग कपाटातून शेअर सर्टिफिकेटांचं रजिस्टर काढलं की काम संपलं. पन्नास-पन्नास रुपयांचे शेअर ज्याच्या नावावर, त्याचा बिल्डिंगशी संबंध. बाकीचे नुसते राहतात.

आता यादी आणखी आखूड करू. २००९ च्या शासन निर्णयात पुनर्विकासाच्या संमतीसाठी तीन-चतुर्थांशांची भाषा होती. ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने ती ५१ टक्क्यांवर आणली. चाळीस घरांच्या सोसायटीत एकवीस सह्या. ज्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिथे ह्या निर्णयाने गुडघ्यांवर किती उपकार केलेत ते जिना चढणाऱ्यालाच कळेल. सभेच्या कोरमला, म्हणजे किमान हजेरीला, मात्र दोन-तृतीयांश लागतात, म्हणजे सत्तावीस. एकवीस तुमचे, उरलेले सहा खुर्च्या भरायला. त्या सहांसाठी वडापाव सांगून ठेवा.

मॅनेजमेंटवाले एक चार चौकोनांचा तक्ता काढतात: कुणाची ताकद किती आणि कुणाला रस किती. ताकद शून्य आणि रस उतू चाललेला, असा माणूस तुमच्याकडेही असणारच. आपण त्यांना दोनशे तीनचे आजोबा म्हणू. प्रत्येक सभेत हात वर करून ते विचारतात, "प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के बँक गॅरंटी बिल्डर कधी देणार?" आजोबांना सगळ्यात खालच्या चौकोनात टाका. कारण त्यांनी एका रविवारी आजींना टेपचं एक टोक कपाटामागे धरायला लावून स्वतःचं घर मोजलंय आणि त्यांना एक भलतंच कळलंय. बिल्डर जादा जागा देणार ती 'रेरा कार्पेट'मध्ये, म्हणजे रेरा ह्या घरबांधणीच्या कायद्यातल्या मापाने, आणि रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. म्हणजे वाढीव जागेतल्या थोड्या भागात तुम्ही राहणार नाही, तिथे भिंत राहणार. असा माणूस सभेत बोलू लागला की लगेच म्हणायचं, "काका, हा मुद्दा आपण नंतर घेऊ." करारनाम्याचा मसुदा आला की हीच सगळी बिल्डिंग त्यांच्या दारात चपला काढून उभी राहील, पण तेव्हाचं तेव्हा.

सही करणारा आणि ठरवणारा एकच, असं गृहीत धरा. ही चूक केल्याशिवाय कुणीच मुरलेला सेक्रेटरी होत नाही. तीनशे चारचे काका दारातच म्हणतात, "आमची काही हरकत नाही बुवा." तुम्ही खुशीत टिक मारता. आतून काकू विचारतात, "पापड वाळवायला गच्ची मिळणार का? ओट्यावर उजेड कुठून येणार?" असल्या बारीकसारीक गोष्टींत पडू नका. आणि काकूंचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याचा फोन आल्याशिवाय त्या घरात गॅसचा पाइपसुद्धा बदलत नाहीत, हे तर मनावरच घेऊ नका. त्याचं नाव रजिस्टरमध्ये कुठाय?

संवादासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढा, पण बोलायचा हक्क फक्त ॲडमिनला ठेवा. पारदर्शकता म्हणजे आपण लिहायचं आणि त्यांनी पाहायचं. नोटीस फळ्यावर लावा, काचेला कुलूप घाला, किल्ली खिशात. बिल्डर निवडायच्या सभेला सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा माणूस येतो आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं, म्हणून त्या दिवशी मात्र चेहरा हसरा ठेवा. भांडणं आदल्या रात्री पार्किंगमध्ये उरकून घ्यावीत.

भाडेकरूंना विचारायचं कारण नाही, ते जाणारच. वॉचमन, झाडूवाल्या मावशी, जिन्याखालचा इस्त्रीवाला ह्यांचं तर नावच काढू नका. इस्त्रीवाल्याचं टेबल तिथे वीस वर्षं आहे, एवढाच काय तो त्याचा संबंध. चाळीसच्या चाळीस दारांत रोज संध्याकाळी जाणारा बिल्डिंगमधला तो एकटाच माणूस आहे, हे लक्षात आलं तरी विसरून जा. बिल्डरची गाडी रात्री कुणाकडे येते आणि कुठल्या घरात त्यावरून आवाज चढतात, हे त्याला माहीत असेलही. पण त्याच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही.

सभेच्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट घेऊन तुम्ही त्याच्याकडे जाल. कॉलरवर पाणी शिंपडत तो विचारेल, "साहेब, नव्या बिल्डिंगमध्ये माझं टेबल कुठं लागणार?"

"बघू," तुम्ही म्हणाल.

"घाई नाय. तीनशे चारची सही काय आज होत नाय. पोरानं रात्री फोनवर नको म्हणून सांगितलंय. काकूंचं ऐकून समोरच्या दोघांनी पण हात काढला." तुम्ही मनातल्या मनात एकविसातून तीन वजा कराल. तो शर्ट उलटा करेल. "ह्यो संध्याकाळी न्या. सभा काय लवकर सुटत नाय."