खोका गायला लागला

आमच्या हॉलमध्ये गाणं ऐकण्यासाठी म्हणून चार वस्तू आहेत. त्यातल्या तीन आवाज काढायला आणलेल्या आहेत आणि चौथी आवाज न काढायला. बिघडली ती चौथी.

चौथी म्हणजे पॉवर कंडिशनर. नाव भारदस्त असलं तरी घरात त्याला खोकाच म्हणतात. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, पुढे काट्याचं व्होल्टमीटर, मागे तीन सॉकेट आणि आत एवढं तांबं, की झाडताना तो सरकवायचा नाद आमच्याकडच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सोडला. १९९८ साली मेव्हण्याच्या आग्रहाखातर पुण्यातल्याच एका कारागिराकडून तो बांधून घेतला होता. तेव्हा मेव्हणा सांगलीत होता आणि त्याचे कान अजून भारतीय होते.

खोक्याचं काम काय, हे मी इतक्या पाहुण्यांना समजावलंय की आता झोपेतही सांगू शकेन. घरात वीज २३० व्होल्टची यावी अशी अपेक्षा असते, सहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २१६ ते २४४. हे कागदावर. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे मिक्सर आणि गीझर एकदम सुरू झाले की काटा १९०कडे झुकतो आणि मध्यरात्रीनंतर २५०कडे. मग खोक्यातले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, खट् खट् करत ट्रान्सफॉर्मरचे टॅप, म्हणजे तारेच्या गुंडाळीवरचे जोड, बदलतात आणि व्होल्टेज ताळ्यावर आणतात. त्याच्या पुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्यात आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार एकमेकींना शिवतच नाहीत, मधे फक्त चुंबकाचा कारभार. थोडक्यात, ॲम्प्लिफायरला सोवळ्यातली वीज.

हे सगळं चालू असताना तुम्हाला काहीही ऐकू येत नाही, हेच त्याचं यश. असल्या वस्तूला आयुष्यात कधी शाबासकी मिळत नाही.

बिघाड आम्हाला कळायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकांना कळला. ते निवृत्तीनंतर गाणं शिकतात, काळी एकमध्ये, आणि रियाज रात्री जेवणानंतर करतात. एकदा दार वाजलं. काका पायजम्यावर, हातात मोबाइल.

"तुमच्याकडे कुणी तानपुरा घेतलाय का?"

"नाही हो, काका."

"मग माझा पंचम कोण उतरवतंय?"

ते सरळ हॉलमध्ये आले, खोक्यासमोर मांडी घातली आणि मोबाइलमधलं सूर दाखवणारं ॲप त्याच्या तोंडाशी धरलं. आकडा आला १००. काळी एकचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झचा. खोका त्याच्या खाली होता, पण तीव्र मध्यमापर्यंत पोचलेला नव्हता. दोन्हींच्या मधे कुठेतरी, जिथे कुठल्याच घराण्याचा गवय्या मुक्कामाला थांबत नाही, तिथे तो बिनदिक्कत बसला होता.

"पांढरी एक धरलीत तर?" मी तडजोड सुचवली.

"तर चढा लागेल," काका म्हणाले. "हा कुणाच्याच पट्टीत बसणारा नाही. आणि दम बघा त्याचा. श्वाससुद्धा घेत नाही."

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला मात्र दिशेशी घेणंदेणं नसतं, चुंबकत्व मागून येवो की पुढून, ते दर वेळी केसभर ताणतं. म्हणून आवाज दुप्पट, १०० हर्ट्झचा. त्या लोखंडाच्या पातळ पत्र्या घट्ट आवळलेल्या असल्या तर ते मनातल्या मनात राहतं, सैल झाल्या की तोंडावर येतं. व्होल्टेज वाढलं की लोखंडावर ताण वाढतो, त्यामुळे रात्र चढेल तसा खोका रंगात यायचा. मैफलीचे सगळे संकेत पाळत होता, भैरवी तेवढी घेत नव्हता.

मेव्हणा आता न्यू जर्सीत असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर खोका ऐकवला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "दाजी, तुमची वीज घाणेरडी आहे."

हे ऐकून बायकोने आधी फरशीकडे बघितलं.

त्याच्या मते एकच उपाय होता, तिकडचा कंडिशनर. दिवाळीत येताना आणतो म्हणाला. तिकडे घरात १२० व्होल्ट असतात. तो खोका आमच्या भिंतीला लावला असता तर संगीताऐवजी दिवाळीच साजरी झाली असती. पण तिकडची वीज ६० सायकलची, म्हणजे तिथले खोके १२० हर्ट्झवर गुणगुणत असणार. शंभराला षड्ज मानलं तर एकशेवीस म्हणजे बरोबर कोमल गंधार. खालच्या काकांना हे सांगितलं तर ते फार अस्वस्थ झाले. माणूस देश सोडून गेला की विजेचाही राग बदलतो, हे त्यांना पटेना.

मेव्हण्याने दुसरा पर्याय सुचवला तो वायरीचा. चांदीचा मुलामा दिलेली, अजगराएवढी जाड, दीड मीटर लांब पॉवर केबल. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून पुण्यापर्यंतचा प्रवास ॲल्युमिनियमच्या तारेतून करून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये सुसंस्कृत होते, यावर त्याची निष्ठा आहे. किंमत त्याने डॉलरमध्ये सांगितली. मी रुपयांत गुणाकार केला आणि रेंज गेल्याचा अभिनय केला.

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जिन्यात गाठून सीव्हीटी, म्हणजे व्होल्टेज कायम राखणारा ट्रान्सफॉर्मर, घ्यायला सांगितलं. बँकेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा प्रत्येकाशेजारी एक असायचा म्हणे. जोसेफ सोला नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९३८मध्ये काढलेली ही युक्ती व्होल्टेज धरून ठेवण्यात वाकबगार आहे, फक्त तो डबा तापतो आणि आमच्या खोक्यापेक्षा मोठ्यांदा घुमतो. त्यांना तो आवाज आवडायचा. त्या आवाजात कस्टमरचं बोलणं ऐकू यायचं नाही.

नवीन घ्यायचाच म्हणून एका चकचकीत दुकानात गेलो. एसी, काळे पडदे, विक्रेता टाय लावलेला. "काका, आता दुरुस्ती कोणी करत नाही," हे त्याने मी बसायच्या आत सांगितलं.

"वाइंडिंग तांब्याचं आहे का ॲल्युमिनियमचं?" मी विचारलं.

"सर, डिजिटल डिस्प्ले आहे."

त्याच संध्याकाळी बायकोने भंगारवाल्याला वर बोलावलं होतं. त्याने खोक्याचं झाकण काढलं, खिशातून खिळा काढून वाइंडिंगच्या टोकावरचं वॉर्निश खरवडलं, लाल चमक दिसल्यावर हसला आणि म्हणाला, "तांबा हाय, साहेब. इकू नका." इतक्या दिवसांत खोक्याची तपासणी करून मग मत देणारा हा पहिला माणूस.

मग रिक्षात खोका मांडीवर घेऊन तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत बल्बपासून बॅटरीपर्यंत सगळं मिळतं, पाय ठेवायला जागा तेवढी मिळत नाही. एका जिन्याखालच्या दुकानात मास्तर बसले होते. टेबलाएवढीच जागा, त्यात मास्तर, सोल्डरिंगची गन, चहाचा ग्लास आणि लाकडी बोर्डावर १०० वॉटचा पिवळा बल्ब. खोका त्या बल्बच्या सिरीजमध्ये लावला. बल्ब एकदा भपकला आणि विझत विझत नुसती तार लाल राहिली. "शॉर्ट नाही," मास्तर म्हणाले. मग थेट जोडला आणि खोका तिथेही गायला लागला. शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावला.

मास्तरांनी कोरड्या लाकडाची पट्टी ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीवर ठेवून दाबली. आवाज बंद. सोडली, चालू. दाबली, बंद. हार्मोनिअमची पट्टी तपासावी तसे दोन-तीनदा केलं, माझ्याकडे बघितलं आणि पान्याने चार कोपऱ्यांचे चार बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्ट जवळजवळ एक पूर्ण फेरा फिरला. रिलेचे पॉइंट जळून काळे झाले होते, ते बदलले. विजेचा झटका स्वतःच्या अंगावर घेणारा एमओव्ही निळ्या गोळीसारखा असतो. आमच्या गोळीचा अर्धा टवका उडालेला होता. दर झटक्याने ती थोडी थोडी खंगते, आणि २७५ व्होल्टची नवी गोळी एका कटिंग चहाच्या आसपास मिळते. शेवटी वाइंडिंगवर वॉर्निश ओतलं आणि रात्रभर ठेवून जायला सांगितलं.

"यावर ऐकता काय?" मास्तरांनी विचारलं.

"शास्त्रीय."

"मग आधीच आणायचा ना," ते एवढंच म्हणाले.

खोका घरी आला तो मुका होऊन. काकांनी खालून फोन करून पंचम लागल्याचं कळवलं. मी भूप लावला, बायकोही येऊन बसली. भूप संपल्यावर ती म्हणाली, "अहो, हा एवढा चांगला झालाय तर फ्रिजला का नाही लावत? मे महिन्यात व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर कण्हतो बिचारा." युक्तिवादात फट नव्हती. फ्रिजची किंमत ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त आहे, आणि भूप नासत नाही. खोका स्वयंपाकघरात गेला. ॲम्प्लिफायर थेट भिंतीला लावला. गाणं पूर्वीसारखंच लागतं, पण हे मी कुठे बोलत नाही.

दिवाळीत मेव्हणा आला. केबल आणली नव्हती, वजन जास्त भरलं म्हणे. सोफ्यावर मधोमध बसला, डोळे मिटले आणि अर्धी रेकॉर्ड ऐकून म्हणाला, "ऐकलंत दाजी? गाण्यामागचा शांततेचा पडदा कसा काळाभोर झालाय! कंडिशनर नसता तर तानपुऱ्याच्या तारा अशा सुट्या ऐकूच आल्या नसत्या."

मी मान हलवली. बायकोने त्याच्या हातात आईस्क्रीमची वाटी दिली. ते मात्र या वर्षी खरोखरच छान घट्ट लागलं होतं.