नेल्सनच्या युद्धनौकांवर स्त्रिया नव्हत्याच?

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी ब्रिटन व फ्रान्स यांच्यात झालेल्या, अ‍ॅडमिरल नेल्सनने गाजवलेल्या युद्धांतील एखाद्या लढाऊ जहाजावर घडणारी प्रेमकथा आली की तिच्यावरचा एक आक्षेप ठरलेला असतो. ब्रिटिश नौदलात स्त्रियांना मज्जाव होता. ज्या दिसत त्या बंदरातल्या वेश्या किंवा पुरुषवेशातल्या एखाद-दुसऱ्या. खलाशी बाईला अपशकुनी मानत, त्यामुळे लढाईच्या वेळी ती जहाजावर असणे अशक्यच. सबब अशी कथा म्हणजे शुद्ध थाप, असा हा दावा आहे. त्याचा पहिला भाग कागदोपत्री खरा आहे आणि त्याच्या आधारावर बाकीचा खपून जातो.

नौदलाच्या 1731 च्या नियमावलीत अ‍ॅडमिरल्टीच्या, म्हणजे नौदलाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, हुकमावाचून कप्तानाने कोणाही स्त्रीला समुद्रावर नेऊ नये, असे बजावलेले आहे. परंतु जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की नियम किती पाळायचा, हे कप्तान ठरवी. मुख्य तोफची, सुतार, बोसन (दोरखंड-शिडांचा प्रमुख) हे वॉरंट अधिकारी, म्हणजे आपापल्या कामातले जाणकार अधिकारी, एकेका जहाजावर वर्षानुवर्षे राहत आणि त्यांच्या बायका सोबत असण्याकडे सर्रास काणाडोळा केला जाई. हजेरीपटात या बायकांची नावे सापडत नाहीत, हा पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण हजेरीपट हा पगाराचा आणि शिध्याचा हिशेब होता, आणि या बायकांना पगारही नव्हता, शिधाही नव्हता. त्या नवऱ्याच्या वाट्यातले खात. उलट, जहाजांवरच्या बायका धुण्यासाठी गोडे पाणी उधळतात, अशी तक्रार खुद्द अ‍ॅडमिरल जर्विसने आपल्या कप्तानांकडे केलेली आहे. नसलेल्या बायका पाणी कसे उधळतील?

लढाईच्या वेळी त्या नव्हत्या, हा मुद्दा तर अजिबात टिकत नाही. 1 ऑगस्ट 1798 रोजी इजिप्तच्या किनाऱ्यावरील अबुकीरच्या उपसागरात नाईलची लढाई झाली, तेव्हा ‘गोलायथ’ जहाजावरचा जॉन निकोल हा खलाशी तोफांच्या दारूच्या कोठारात कामाला होता. पुढे 1822 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तो सांगतो की पोरे आणि बायका तोफांपर्यंत दारू पोहोचवत होत्या, आणि मुख्य तोफचीची बायको आपल्या नवऱ्याला व त्याला मधूनमधून घोटभर वाईन पाजत होती, त्याने थकवा बराच हलका झाला. काही बायका जखमी झाल्या. लीथ गावची एक जखमांनी मेली आणि तिला उपसागरातल्या एका लहानशा बेटावर पुरले. एडिंबरोची एक बाई ऐन धुमश्चक्रीत बाळंत झाली. निकोल हे सारे जाता जाता सांगतो, त्याला त्यात आश्चर्य वाटलेले दिसत नाही. त्याच जहाजाच्या हजेरीपटात लढाईनंतर चार विधवांची नावे चढली, कारण त्यांचे नवरे मारले गेले होते, त्या स्वतः जखमींची मलमपट्टी करत होत्या आणि त्यांच्या पोटाला आता सरकारी शिध्याचाच आधार उरला होता.

याहून ठोस पुरावा नकाराच्या रूपाने मिळतो. जुन्या लढाया लढलेल्यांसाठी 1847 मध्ये पदक जाहीर झाले, तेव्हा 1805 च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ‘डिफायन्स’ जहाजावर असलेल्या जेन टाउनशेंडने आणि नाईलच्या लढाईत ‘ओरायन’वर असलेल्या अ‍ॅन हॉपिंगने अर्ज केले. जेनचा हक्क आधी मान्यही झाला होता. मग सगळ्या बायकांना नकार देण्यात आला, आणि कारण असे नोंदवले गेले की ताफ्यात तितक्याच उपयोगी पडलेल्या बायका पुष्कळ होत्या, एकीला दिले तर अर्जांचा पूर लोटेल. हे वाक्य नौदलाच्या बाजूने लिहिलेले आहे, स्त्रियांच्या नव्हे. गंमत अशी की 1794 च्या जून महिन्यातल्या लढाईत ‘ट्रेमेंडस’वर जन्मलेल्या डॅनियल ट्रेमेंडस मॅकेन्झीला मात्र पदक मिळाले, त्याच्या नावापुढे हुद्दा लिहिला आहे, तो ‘बाळ’ असा.

अपशकुनाची समजूत होती, हे मान्य. अ‍ॅडमिरल कॉलिंगवुडनेही तसे लिहून ठेवले आहे. पण तो चिडला होता तो कोणीतरी बाई जहाजावर आणली म्हणूनच. बंदरात खलाशांना पळून जाण्याच्या भीतीने रजा देत नसत आणि वेश्यांना जहाजावर येऊ देत, हेही खरे. त्यावरून समुद्रावर गेलेल्या बायकांचे नाते ठरवता येत नाही.

राहिला प्रेमाचा प्रश्न. 1796 मध्ये फ्रेंच फौजा चालून आल्या तेव्हा इटलीतल्या लिव्होर्नोहून पळालेल्या विन या इंग्रज कुटुंबाला कप्तान थॉमस फ्रीमँटलच्या ‘इनकॉन्स्टंट’ने आश्रय दिला. तिथे त्याची आणि तरुण बेट्सी विनची गाठ पडली. जानेवारी 1797 मध्ये नेपल्सला त्यांचे लग्न झाले. आणि त्याच जुलैत स्पेनच्या टेनेरीफ बेटावर हल्ला करायला निघालेल्या ‘सीहॉर्स’वर ती नवऱ्याबरोबर होती. मोहीम सोपी आहे असे समजून ती त्या रात्री निर्धास्त झोपली, हे तिनेच रोजनिशीत लिहिले आहे. दंडात गोळी लागून फ्रीमँटल परतला. उजवा हात छिन्न झालेल्या, मोहिमेचा सेनापती असलेल्या नेल्सनला घेऊन होडी आधी ‘सीहॉर्स’लाच लागली होती, पण नवऱ्याची काहीच खबर देता येत नसताना या अवस्थेत आपण बेट्सीसमोर जाणार नाही, असे सांगून त्याने होडी पुढे न्यायला लावली. नंतर दोन्ही जखमी याच जहाजाने इंग्लंडला गेले, बेट्सीच्या देखरेखीखाली. कादंबरीकाराने हे रचले असते तर योगायोगांचा अतिरेक म्हणून आपण नाक मुरडले असते.

आक्षेप घ्यायचाच तर तो एकांतावर घ्यावा. खालच्या मजल्यावर झोळी टांगायला माणशी चौदा इंच जागा मिळे, आणि जोडप्याला आडोसा मिळालाच तर तो कॅनव्हासच्या पडद्याचा. कप्तानाच्या दालनाची ऐट खरी, पण तिथेही तोफा असत, आणि लढाईची हाक आली की लाकडी भिंती उतरवून सामान तळघरात टाकले जाई. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, 1817 साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ‘सीहॉर्स’च्या जवळपासच्या वर्गातली फ्रिगेट (वेगवान, मध्यम आकाराची युद्धनौका) आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपलेली आहे, तिच्यावर फिरताना ही दाटी कळते. मखमली पलंग आणि बंद दारामागची रात्र रंगवणाऱ्या लेखकाला त्याबद्दल जरूर फैलावर घ्यावे.