विसर्ग

मंगळवारी सकाळी मशीनने पाणी भरून घेतलं, कपडे घुसळले आणि पाणी सोडायची वेळ आली तसं नुसतंच घुर्र घुर्र करून गप्प बसलं. काचेच्या दाराआड निम्म्यापर्यंत फेसाळ पाणी, त्यात माझ्या ऑफिसच्या तीन पँटी. आत पाणी असलं की दार उघडत नाही. कंपनीच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, ४८ तासांत माणूस येईल. कुठले ४८, ते विचारायला हवं होतं.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले आप्पा आले. पाटबंधारे खात्यातून रिटायर. पावसाळाभर त्यांच्या तोंडी दोनच विषय: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी.

"आवक किती?"

"कसली?"

"पाण्याची ओ. आत किती आलंय?"

"असेल बादलीभर."

"आणि विसर्ग?"

"शून्य."

आप्पांनी चष्मा पुसला. स्टूल ओढून मशीनसमोर बसले आणि काचेवर बोट टेकवलं. "ही इशारा पातळी. ही धोका पातळी. आयर्विनला ४० अन् ४५ फूट असती, तशी." मग त्यांना मागचा पाइप दिसला. "हा एवढा वर का बांधलाय?"

"खाली टाकला तर भरता भरताच पाणी निघून जातं. पुस्तकात तसं दिलंय."

"तेच तर! उंची वाढवली की पाण्याचा फुगवटा मागं येणारच. तिकडं अलमट्टी ५१९ मीटरवरनं ५२४ वर न्यायची म्हणत्यात, आणि तुम्ही हितं न्हाणीघरात दुसरी अलमट्टी बांधून बसलाय!"

बायको चहा घेऊन आली. त्यांना. मी फरशीवर पालथा होतो.

चहाबरोबर २०१९ आलं. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, त्या पुरात आप्पांची बहीण गावभागात तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकली होती. ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो, त्यामुळे माणसाला चिडताही येत नाही. पण फरशी गार होती आणि माझ्या मानेला रग लागली होती, हेही खरं.

मशीनच्या खालच्या कोपऱ्यात फिल्टरची झाकणी असते. ती जमिनीपासून तीन बोटांवर ज्याने बसवली, त्याच्या घरात भांडी नसावीत. बादली जात नाही, परात जात नाही. जातं फक्त जेवणाचं ताट, आणि ताटात मावतं जेमतेम तांब्याभर. बाजूच्या बारीक नळीचं बूच काढायचं, ताट भरलं की लावायचं, ताट न हिंदकळता न्हाणीच्या जाळीपर्यंत न्यायचं. सोळा वेळा. दर खेपेला स्टुलावरून हुकूम, "सोडा... सोडा... दरवाजा बंद!"

मग फिल्टर पिळून काढला. आतून निघालं ते असं: केसांचं गुंतवळ, दोन आकडे, एक बटण, दहा रुपयांचं काळं पडलेलं नाणं आणि लेकीचा एवढासा मोजा, ज्याच्यापायी आम्ही चार महिने कामवाल्या मावशींवर संशय घेतला. फिल्टर परत बसवून बटण दाबलं. पाणी गडगडत गेलं.

"खालचे दरवाजे वेळेत उघडले असते तर ही पाळी आली नसती," आप्पा म्हणाले. मला नाही, जिन्यातून जाणाऱ्या दोघांना. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं की सरांचं मशीन आप्पांनी दुरुस्त केलं. वरच्या मजल्यावरच्या काकू त्यांना मिक्सर दाखवून गेल्या.

कंपनीचा माणूस पाचव्या दिवशी आला. तक्रार रद्द करा म्हणून मी दोनदा फोन केला होता. त्याने बटण दाबलं, विसर्ग बघितला. "चालतंय की."

"म्हणूनच नको म्हणालो होतो."

"व्हिजिट झाली ना सर. पाचशे, वर १८ टक्के जीएसटी. ५९०."

बघण्याचे पाचशे, आणि त्या बघण्यावर नव्वद रुपये कर. भांडलो. बायकोने आतून नजरेनेच गप्प केलं. पाचशेची नोट, वर ८० रुपये सुटे दिले आणि उरलेल्या दहापोटी फिल्टरमधलं नाणं, चिंचेने घासून लख्ख केलेलं, त्याच्या हातावर ठेवलं.

त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "हे कोण घेत नाही ओ इकडं. नोट बघा की."