फौजीच्या बायकोच्या माथी नवऱ्याचं जुनं कर्ज? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस "गोव्यातल्या फौजी कुटुंबांसाठी महत्त्वाची सूचना" असा एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय की गोव्यात नवरा-बायकोचं सगळं अर्धं-अर्धं असतं म्हणून नवऱ्याच्या जुन्या कर्जाची निम्मी जबाबदारी बायकोची, पैसे भरले नाहीत तर जवानाचा कोर्ट मार्शल होतो, पगार-पेन्शन जप्त होते, बायकोला पोलीस नेतात, सीओला (कमांडिंग ऑफिसरला) पत्र जातं, तिचा सिबिल खराब होतो, आणि शेवटी सल्ला काय तर रिकव्हरीवाल्याला थोडे पैसे भरून एक सही द्या, फाईल बंद होते.

मी दुर्लक्ष केलं असतं. पण हाच मेसेज गोव्यातच साखळी गावात माझ्या मावसबहिणीकडे पोचला. तिचा नवरा आर्मीत, सध्या फील्डवर, चार-चार दिवस फोन लागत नाही. त्याने 2016 मध्ये, म्हणजे लग्नाच्या पाच वर्षं आधी, पर्सनल लोन घेतलं होतं, 2018 मध्ये एक हप्ता भरला तो शेवटचा, मग ते थकलं. आता रिकव्हरी एजंट तिला फोन करतात. रविवारी पावणेआठला एजंटचा फोन ठेवून लगेच तिने मला फोन केला, "ताई, सही करू काय गं?" समोर झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणलेलं "सेटलमेंट लेटर", शेजारी गणेश चवथीच्या बाजारासाठी ठेवलेल्या पाकिटातले पाच हजार, आणि सासूबाई दारात उभ्या कारण एजंटने गल्लीतल्या गाड्यावर जाऊन घर विचारलं होतं. तिच्या हातात पेन होतं. ते खाली ठेव म्हणून मी ओरडलेच तिच्यावर.

आधी त्या अर्ध्या-अर्ध्याबद्दल, कारण मेसेजमधलं हे एकच वाक्य खऱ्याच्या जवळ जातं आणि लोक तिथेच फसतात. हो, गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा कौटुंबिक बाबतीत अजून चालतो, आणि लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या दोन सह्या झाल्या की दोघांची मालमत्ता सामाईक होते. इथपर्यंत मान्य. पण त्याच कायद्यात लग्नाआधीची कर्जं त्या सामाईकीतून बाहेर ठेवली आहेत! अपवाद दोनच, एक म्हणजे दुसरा जोडीदार स्वतः त्या कर्जाला बांधलेला असेल किंवा ते आपल्या अंगावर घ्यायला तयार असेल, दुसरा म्हणजे ते पैसे दोघांच्या फायद्यासाठी वापरले असतील. लग्नाच्या पाच वर्षं आधी काढलेले पैसे, तेव्हा ही मुलगी त्याला ओळखतही नव्हती, मग दोघांचा फायदा कुठला? लग्नानंतर घरासाठी काढलेलं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सामाईक मालमत्तेपर्यंत हात पोचू शकतो, आणि नवऱ्याचा स्वतःचा वाटा त्याच्या कर्जातून सुटत नाही हेही खरं. पण "नवऱ्याचं जे काही देणं ते निम्मं बायकोचं" असं कुठेही नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना गोव्याच्या नवरा-बायकोचं उत्पन्न वाटून दाखवायचा वेगळा तक्ता असतो, त्यावरून लोकांचा हा समज झाला असावा, पण पगार तर त्यातही वाटला जात नाही.

आणि नवरा गोव्याबाहेरचा असेल, नुसती पोस्टिंग गोव्यातल्या दाबोळीच्या किंवा बांबोळीच्या तळावर असेल, तर तेवढ्याने हा कायदा लागू होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं तरी विचारायचं होतं.

कोर्ट मार्शल आणि पगारजप्तीबद्दल मी माझं काही सांगत नाही, आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 28 आणि 29 वाचा, लहानशीच आहेत. 28 म्हणतं की जवानाचा पगार आणि भत्ते कुठल्याही दिवाणी किंवा महसुली कोर्टाच्या हुकमाने जप्त करता येत नाहीत. 29 म्हणतं की तो सैन्यात आहे तोवर कर्जापायी दिवाणी कोर्टाच्या हुकमाने त्याला अटक होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिघांच्याही पगाराला हेच संरक्षण आहे, आणि सरकारी पेन्शनला तर 1871 च्या पेन्शन ॲक्टपासून. हप्ता चुकला म्हणून कोर्ट मार्शल असं कलम आर्मी ॲक्टमध्ये नाही. दीडशे वर्षांचं संरक्षण आहे आणि घरात एकटी असलेल्या बाईला एक अनोळखी माणूस फोनवर सांगतो पेन्शन जाणार, आणि ती रात्रभर झोपत नाही, हे मला सहन होत नाही.

खरं काय तेही सांगते. ज्या बँकेत पगार जमा होतो तिचंच कर्ज असेल आणि खात्यातून कापून घ्यायची परवानगी दिलेली असेल तर हप्ता कापला जाईल, ती जप्ती नव्हे. चेक बाउन्स झाला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 ची केस होऊ शकते, ती फौजदारी, तिथे आर्मी ॲक्टचं कलम 29 कामाचं नाही. आणि सीओचं म्हणाल तर कोर्टाने समन्स काढलं तर ते जवानाच्या कमांडिंग ऑफिसरमार्फतच बजावलं जातं, हा नियमच आहे. सीओ बोलावून विचारतील, कर्ज निस्तर म्हणतील. पण ते कोर्टाचं समन्स, एजंटच्या व्हॉट्सॲपचं नव्हे.

बायकोला पोलीस नेतात म्हणे. पैशाच्या डिक्रीसाठी, म्हणजे पैसे भरा अशा कोर्टाच्या हुकमासाठी, कुठल्याही बाईला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56. ज्या बाईने कर्ज घेतलंय तिलासुद्धा नाही, मग हिला कशी?

सिबिल ज्याच्या त्याच्या पॅनवर असतो. ती सहकर्जदार किंवा जामीन नसेल तर तिच्या रिपोर्टला काही होत नाही. दोघांनी मिळून होम लोन काढायचं झालं तर त्याचा स्कोअर बघतील, एवढंच.

आता "थोडे भरा, सही द्या". सगळ्यात घातक हेच आहे, बाकीची भीती यासाठीच घातलेली असते. असं कर्ज कोर्टातून वसूल करायची मुदत साधारण 3 वर्षं. सुप्रीम कोर्टाने कोविडसाठी वगळलेला काळ (15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022) धरला तरी 2018 मध्ये थकलेल्या कर्जाची मुदत केव्हाच संपली, मधे दावा लावला नसेल तर. दावा लागून डिक्री झालेली असेल तर ती 12 वर्षं चालते, म्हणून ते आधी तपासा. मुदत संपायच्या आत लेखी कबुली दिली किंवा पैसे भरून तसं लिहून दिलं तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि मुदत संपल्यावरही "मी भरेन" असं लिहून सही केली तर काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 25 प्रमाणे मेलेलं कर्ज उभं राहतं. माझ्या बहिणीच्या त्या कागदावर तिसऱ्या ओळीत होतं, "मी व माझे पती संयुक्तपणे उर्वरित रक्कम भरण्यास बांधील आहोत." म्हणजे आजवर जिचा काडीचा संबंध नव्हता ती पाच हजार देऊन स्वतःला त्यात बांधून घेणार होती.

कर्ज बुडवा असं मी सांगत नाहीये. भावोजी रजेवर येतील तेव्हा बँकेशी स्वतः बोलतील, जे काही मिटवायचं ते लेखी मिटवतील. त्यांचं देणं आहे, त्यांनीच बोलावं.

तोवर आम्ही काय केलं ते लिहिते. फोनवर वाद नाही. बँकेला ईमेल करून तीन गोष्टी मागितल्या, कर्जाच्या कराराची प्रत, खात्याचा पूर्ण उतारा, आणि या एजन्सीला वसुलीचं काम दिल्याचं पत्र. रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात घातलेल्या नियमाप्रमाणे सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन चालत नाही, धमकी चालत नाही, चारचौघांत बेअब्रू करणं आणि घरच्यांच्या खाजगीपणात घुसणंही नाही. म्हणजे तो पावणेआठचा फोन आणि गाड्यावरची चौकशी दोन्ही त्यात बसतात. तारीख-वेळ टाकून वहीत लिहून ठेवलंय, कॉल रेकॉर्ड केलेत. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, फुकट असते, माहितीला 14448 नंबर आहे. वकील लागला तर बाईला उत्पन्नाची अट नसताना मोफत कायदेशीर मदत मिळते, 15100 वर विचारा.

आणि कोणी ते लेटर झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप करून प्रिंट काढलं असेल तर परत जा आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरून समोर उभं राहून डिलीट करून घ्या. माझ्या बहिणीच्या लेटरसोबत तिच्या आधार आणि पॅनची कॉपी पण गेली होती.