नुसता जाळ म्हणजे चव नव्हे

पाच मेक्सिकन तिखट सॉसची तुलना करणारा तुमचा लेख आवडला, पण पाचही सॉसना स्कोव्हिलच्या, म्हणजे तिखटपणा मोजण्याच्या, आकड्यावर क्रम लावलेला पटला नाही. शिवाय त्यांतला टबॅस्को मेक्सिकन नाही. नाव मेक्सिकोतल्या राज्याचं असलं, तरी तो 1868 पासून अमेरिकेत, लुईझियानात बनतो.

नोकरीनिमित्त दोन वर्षं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात होतो. तिथलाच व्हॅलेंटिना सॉस तुम्ही 'मिळमिळीत' म्हणून शेवटी टाकलात, याचं वाईट वाटलं. तो पुया मिरचीचा, अंगाने दाट. चमच्याने चाटून त्याची परीक्षा होत नाही. रस्त्यावरच्या गाडीवर काकडी, आंबा, हिकामा (एक रसाळ, कुरकुरीत कंद) कापून पेल्यात भरतात, वर लिंबू पिळतात, मीठ टाकतात आणि मग बाटली उलटी करून सॉसची धार सोडतात. आधी आंबट, मग खारट, फळाचा गोडवा आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या कडांना हळूच चढणारा तिखटपणा. पेल्याच्या तळाला साचलेला लाल रस मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचो.

हाबानेरोचा सॉस तपासताना मी आधी वास घेतो. त्या मिरचीला जर्दाळूसारखा गोडसर सुवास असतो; व्हिनेगरने तो मारला असेल, तर कितीही जाळ असो, माझ्या लेखी तो सॉस नापास.

आणि दोन सॉसच्या मध्ये पाणी पिऊ नका. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतं आणि पुढच्या सॉसवर अन्याय होतो. दूध किंवा दही घ्या. व्हॅलेंटिना पुन्हा एकदा काकडीवर घालून बघाच.