‘यू-९ निव्वळ नशिबाने जिंकली’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की पहिल्या महायुद्धातल्या यू-९ ते यू-१२ या चार जर्मन पाणबुड्या म्हणजे रॉकेलवर चालणारे कालबाह्य डबे होते, आणि २२ सप्टेंबर १९१४ला यू-९ने ‘अबूकिर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर युद्धनौका बुडवल्या त्या निव्वळ नशिबाने. पहिलं बरंचसं मान्य. दुसरं मात्र अर्धंच.

रॉकेलचं कर्टिंग इंजिन जर्मनांनी निवडलं ते पेट्रोलच्या भीतीने. बंद पोटात पेट्रोलची वाफ साठली की एक ठिणगी पुरे. पण या इंजिनाचा पांढरा धूर दिवसा लांबून दिसे, रात्री धुराड्यातून ठिणग्या उडत, आणि बुडी मारण्याआधी डेकवरचं ते लांब धुराडं काढून आवरावं लागे. डिझेल आलं ते यू-१९पासून. त्या सकाळी क्षितिजावर डोलकाठ्या दिसताच धुरामुळे पत्ता लागू नये म्हणून यू-९ने आधी इंजिनं बंद केली आणि मग बुडी मारली.

तिथून पुढे लढली ती बॅटरी, विजेच्या मोटरी आणि नळ्या. टॉर्पेडो एकूण सहा: पुढे दोन नळ्या, मागे दोन, वर दोन राखीव. ‘अबूकिर’ला एक मारला. लगेच पाण्याखालीच ती नळी पुन्हा भरली. याचा सराव यू-९चा कप्तान वेडिगेनने युद्धाआधी करून घेतला होता, आणि तुमच्या ‘नशिबा’त हे बसत नाही. ‘होग’वर पुढचे दोन्ही एकदम सोडले, तेव्हा नाक हलकं होऊन पाणबुडी पाण्यावर उसळली. अशा वेळी माणसांनाच पुढे-मागे पळवून तोल सांभाळत. ‘क्रेसी’वर मागचे दोन सोडले, त्यातला एक लागला, मग शेवटचा पुढून. सहाही संपले, बॅटरीही संपत आली होती. मृत १,४५९.

नशीब होतं ते शत्रूच्या वागण्यात. खराब हवेमुळे विनाशिका सोबत नव्हत्या, क्रूझर संथ चालीने सरळ रेषेत जात होत्या, आणि ‘अबूकिर’ला सुरुंग लागला असं समजून बाकीच्या दोघी माणसं वाचवायला थांबल्या. थांबलेलं १२,००० टनांचं जहाज तीनशे मीटरवरून चुकणं अवघड. ऑक्टोबरमध्ये ‘हॉक’ ही आणखी एक ब्रिटिश क्रूझर बुडवली तेव्हाही पाणबुडी तीच, कप्तान तोच.

बाकीच्या तीन बहिणींबद्दल मात्र तुमची तक्रार रास्त आहे, मी लेखात त्यांना एका ओळीत उरकलं. यू-१२ने नोव्हेंबर १९१४मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डीलजवळ ‘नायजर’ ही ब्रिटिश तोफनौका बुडवली, मार्च १९१५मध्ये ‘एरियल’ या ब्रिटिश विनाशिकेने तिला धडक देऊन संपवलं. यू-११ डिसेंबर १९१४मध्ये गेली, यू-१० १९१६मध्ये बाल्टिकमध्ये. यू-९ एकटी शेवटपर्यंत टिकली, तीही १९१६पासून प्रशिक्षणाच्या कामावर.